पट्ट्यावरची रेघ

मित्रांनो, माझं वय एकोणीस वर्षं. तुमच्यात हे कॉलेजात जायचं वय, आमच्यात मात्र या वयाला सरळ म्हातारी म्हणतात. मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पुढे पाच माणसं ऐसपैस बसतील एवढी खोली, मागे उघडा हौदा, आणि चढताना पाय चांगला उचलावा लागेल इतकी माझी उंची. रंग पांढरा. होता, असं म्हणायला हवं. टेक्सासच्या उन्हानं तो आता ताकासारखा झाला आहे.

मी एका मोठ्या कारखान्यात जन्मले. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो माझा पहिला मालक. तो लोकांच्या घराभोवती लाकडी कुंपणं घालायचा. त्यानं तीन वर्षं माझ्या हौद्यातून खांब आणि फळ्या वाहिल्या, कधी मला धुतलं नाही, पण तेल मात्र वेळेवर बदललं. मग त्याला आणखी मोठी गाडी हवीशी झाली आणि मी विक्रीच्या मैदानात, कपाळावर किमतीची पाटी लावून उभी राहिले. तिथे मला विनयकाका भेटले.

विनयकाका ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये राहत. तेलाच्या पाइपलाइनचे इंजिनिअर. भर जुलैच्या उन्हात त्यांनी माझ्याखाली पुठ्ठा अंथरला आणि अर्धा तास उताणे पडून माझा तळ पाहिला. मग बॉनेटवर हात ठेवून ते विकणाऱ्याला म्हणाले, "हे गरम का आहे? मी येण्याआधी इंजिन चालू करून ठेवलंत ना? मी उद्या सकाळी येतो, गार असताना सुरू करून दाखवा." आणि खरंच दुसऱ्या दिवशी आले! सोबत नंदाकाकू आणि पंधरा वर्षांची इला.

त्या दिवशी विनयकाकांनी खिशातून एक छोटी वस्तू काढली. फ्रिजवर लावायचा चुंबकाचा गणपती. तो रुमालात गुंडाळून ते माझ्या अंगावरून फिरवू लागले, दारांवरून, चाकांच्या कमानींवरून.

"अहो, हे काय चाललंय? आरती करताय का गाडीची?" नंदाकाकू म्हणाल्या.

"अपघात झालेल्या गाडीत पोचे पुट्टी भरून बुजवतात. तिथे चुंबक धरत नाही. गणपती चिकटला की पत्रा खरा."

"बाबा, दिस इज सो एम्बॅरसिंग," इला इकडेतिकडे बघत पुटपुटली.

गणपती सगळीकडे चिकटला. मी त्या घरची झाले. नंदाकाकूंनी माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि म्हणाल्या, "एवढा मोठा ट्रक! शेजारी विचारतील, नोकरी सोडली का म्हणून." पण दर दसऱ्याला त्याच माझी पूजा करत. बाहेरचा रंग खराब होईल म्हणून त्या बॉनेट उघडून आतल्या बाजूला, एका ठराविक कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक काढत.

माझी जागा त्या घरात पक्की होती, आणि इलाची माझ्यात. ती बसायची मागच्या सीटवर, बाबांच्या बरोबर पाठीमागे. तिनं तिथल्या पट्ट्याच्या बकलावर एक चंदेरी चांदणी चिकटवली होती, म्हणजे दुसऱ्या कोणी बसू नये.

तुम्ही कधी पाठ दुखेपर्यंत कौतुक करून घेतलं आहे का? मी घेतलं आहे. ऑगस्टात युनिव्हर्सिटीत नवीन मुलं आली की त्यांच्या गाद्या मी वाहायची. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला तंबूचे खांब मी, सतरंज्या मी, आणि तीनशे माणसांचं वरण शिजेल एवढं मोठं पातेलंही मीच. आणि विनयकाकांचा नवा उद्योग सुरू झाला तोही माझ्यामुळे. मंडळात कोणालाही पिकअप घ्यायची झाली, नवी असो की जुनी, की पहिला फोन विनयकाकांना. ते मला घेऊन निघायचे. जुनी गाडी असली तर पुठ्ठा, गणपती आणि गार इंजिन. नवी असली तर मात्र सोबत शोभामावशी.

शोभामावशी म्हणजे आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या, चणीनं चिमुकल्या, तोंडानं नव्हे. शोरूममध्ये विनयकाका त्यांना म्हणत, "मावशी, चढून दाखवा."

"मी काय सर्कशीतली आहे?" मावशी म्हणत, आणि पदर खोचून चढत. चढता आलं तर विनयकाका म्हणायचे, "ही गाडी घरातली आहे. घ्या." नाही आलं तर, "ही नुसती मिरवायची आहे. राहू द्या." विकणारे गोरे लोक बघतच राहत.

तपासणी झाली की विनयकाका एक कागद लिहून देत. खाली दोनच पर्याय: घ्यावी किंवा घेऊ नये. इला कधीकधी सोबत असायची. तिला ते शिकवत, "विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. गाडीकडे बघायचं. तिला खोटं बोलता येत नाही."

आता मी तुम्हाला त्या पुराचं सांगते.

इला तेव्हा तेवीस वर्षांची होती. दूर उत्तरेला, रेडमंड शहरात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागली होती आणि तिथल्या पावसात जिन्यावरून घसरून पाय मोडून बसली होती. नंदाकाकू तिच्याकडे गेलेल्या. इकडे गणपतीचे दिवस. मंडळाच्या महाप्रसादासाठी ते थोरलं पातेलं माझ्या हौद्यात ठेवलेलं होतं, पण वादळ आलं, कार्यक्रम कॅन्सल झाला आणि पातेलं माझ्यातच उपडं पडून राहिलं. पाऊस चार दिवस थांबलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी शोभामावशींचा फोन आला, "विनय, पाणी उंबऱ्याशी आलंय रे."

विनयकाका निघाले. पहिल्या गल्लीत पाणी माझ्या अर्ध्या चाकाला होतं, दुसरीत दाराच्या खालच्या कडेला. मावशींच्या गल्लीच्या तोंडाशी माझं इंजिन गुदमरलं आणि मी थांबले. मित्रांनो, एक गोष्ट सांगायची राहिली. विनयकाकांना पोहता येत नव्हतं. अजिबात नाही.

ते क्षणभर स्टीअरिंग धरून बसून राहिले. मग खाली उतरले. पाणी त्यांच्या कमरेला लागलं, पुढे गल्लीत तर ते छातीएवढं होतं. त्यांनी हौद्यातलं पातेलं ओढून पाण्यात सोडलं, त्याच्या कड्या घट्ट धरल्या आणि एकेक पाऊल चाचपडत ते गेले. मी वळणावरून सगळं पाहत होते. बऱ्याच वेळानं ते परत दिसले. पातेल्यात शोभामावशी, मांडीवर देवांचा डबा, आणि त्यांचा आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत येत होता, "अरे हळू! मला वरणात टाकतोस की काय?"

पुढच्या उंच रस्त्यावर लोक होते, त्यांनी दोघांना वर घेतलं. मी मात्र दोन दिवस तिथेच पाण्यात उभी राहिले. पाणी माझ्या सीटच्याही वर आलं.

पूर ओसरल्यावर विनयकाकांनी मला ओढून आणलं. विमानं बंद असल्यामुळे नंदाकाकूंना यायला तीन आठवडे लागले. तेवढ्या वेळात विनयकाकांनी माझ्या सीट काढल्या, गालिचा काढून फेकला, सगळी तेलं बदलली, जुन्या टूथब्रशनं फटीफटीतला गाळ काढला. पुढच्या दोन्ही पट्ट्यांना कुबट वास यायला लागला म्हणून ते नवे बसवले. मागचा, चांदणीचा पट्टा मात्र त्यांनी नुसता पुसला. विम्याच्या लोकांना कळवलंच नाही, त्यामुळे माझ्या कागदावर पुराची नोंद कुठेच नाही. फोनवर दोघींना सांगितलं, "काही नाही गं, चाकं भिजली फक्त." आणि शोभामावशींना माझ्यासमोरच शपथ घातली, "नंदाला आणि पोरीला कळता कामा नये. नंदा मला पुन्हा पावसात घराबाहेर सोडायची नाही."

तेव्हापासून मंडळात त्या पातेल्यातलं वरण आलं की शोभामावशी ताट मागे ओढायच्या. "मला नको या पातेल्यातलं!" लोकांना वाटे, म्हातारपणाचा हट्ट. मला हसू यायचं.

पण एक सांगते. पाणी गेलं तरी पाण्याचं काम संपत नाही. माझ्या आतल्या तारांना हळूहळू हिरवा गंज चढू लागला. कधी स्टीअरिंगमागचा धोक्याचा लाल दिवा उगाच लागायचा, कधी विझायचा. विनयकाकांना ते ठाऊक होतं. ते मला गावातल्या गावात, एकटेच चालवायचे. नंदाकाकूंना घेऊन लांब जायचं असलं की छोटी गाडी. एकदा माझ्या दारावर थाप मारून म्हणाले, "तुला मी कोणाला विकणार नाही हं. माझी चूक माझ्याच घरात राहू दे."

दोन वर्षांपूर्वी विनयकाका गेले. झोपेतच, काही न बोलता. इला नोकरी सोडून आईजवळ आली आणि बाबांचं काम तिनं पुढे चालवायला घेतलं. आता ती पैसे घेऊन लोकांसाठी पिकअप तपासून देते. पुठ्ठा तोच, गणपतीही तोच. त्याची सोंड तेवढी झिजली आहे. मला ती भाजीपाल्याला न्यायची. मला तिनं कधी तपासलं नाही. घरच्या माणसाला कोण तपासतं?

या वर्षी नंदाकाकूंनी घर विकून लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. तिथे पिकअप उभी करायला परवानगी नाही. काकूंची एकच इच्छा होती, "परक्याकडे नको जाऊ दे तिला. बघणारं कोणीतरी हवं."

मग प्रथमेश आणि वल्लरी आले. प्रथमेश नागपूरचा. विद्यार्थी म्हणून इथे आला तेव्हा त्याची गादी मीच वाहिली होती. आता नोकरी करतो. वल्लरीनं कढीपत्ता आणि मोगऱ्याच्या रोपांची नर्सरी काढली होती, तिला हौदा हवा होता. शिवाय दोन महिन्यांत त्यांच्याकडे बाळ येणार होतं. माझ्या मागच्या सीटवर बाळाची खुर्ची! मित्रांनो, खोटं का बोलू, मी हरखून गेले. मला वाटलं, लाल दिव्या, आज तेवढा गप्प राहा.

"इलाताई, तपासायचं काय यार? विनयकाकांची गाडी आहे. बंद डोळ्यांनी घेतो," प्रथमेश म्हणाला.

"नो वे," इला म्हणाली. "तू क्लायंट आहेस. बाबांची असली तरी फुल इन्स्पेक्शन होणार. बाबांचाच रूल आहे."

"कर बाई, कर," नंदाकाकू खुर्ची आणून बसल्या. "त्यांचं नाव निघेल पुन्हा एकदा."

इलानं पुठ्ठा अंथरला. तळ पाहिला. गार इंजिन सुरू केलं. गणपती फिरवला, सगळीकडे चिकटला. प्रथमेशनं बॉनेटखाली डोकं घातलं आणि ओरडला, "ताई, हा बघ गंज! केवढा मोठा!"

इलानं त्या लालसर डागावर बोट फिरवलं आणि बोट त्याच्या कपाळाला टेकवलं. "कुंकू आहे, येड्या. सोळा दसऱ्यांचं."

सगळे हसले. इला हसत हसतच पुढच्या सीटवर बसली आणि सवयीनं पट्टा पूर्ण बाहेर ओढला. पाण्यात गेलेली गाडी ओळखायची ही खूण. बाहेरचा भाग कितीही धुतला तरी आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ उरते. पट्टा स्वच्छ होता. जरा जास्तच स्वच्छ. तिनं टोकाशी शिवलेली चिठ्ठी वाचली. पट्टा कोणत्या वर्षी तयार झाला ते तिथे लिहिलेलं असतं.

"आई, गाडी दोन हजार सहाची. हा पट्टा दोन हजार सतराचा कसा?"

"बाबांनी बदलला असेल. मला काय ठाऊक?"

इला हसायची थांबली. उतरली, मागचं दार उघडलं, आपल्या जुन्या जागेवर बसली. चांदणीवरून तिनं अंगठा फिरवला. मग तो पट्टा हळूहळू ओढत गेली. ओढतच गेली. शेवटची वीतभर लांबी बाहेर आली, आणि तिच्यावर ती होती. मातकट, सरळ रेघ.

तिनं बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण उचकटलं. आतल्या पत्र्यावरही तीच रेघ, सीटच्या वर. ती खाली उतरून माझ्या शेजारी उभी राहिली आणि त्या रेघेच्या उंचीवर तिनं आडवा हात धरला. हात तिच्या छातीशी आला.

"चाकं भिजली," ती हळूच म्हणाली. "चाकं भिजली म्हणाले होते."

प्रथमेशनं चाचरत विचारलं, "ताई, म्हणजे गाडी बुडाली होती?"

"मग विनयनं मला खोटं सांगितलं?" नंदाकाकू उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं मी ऐकलं. "आणि तो माणूस कुठे होता तेव्हा? तोही पाण्यात? इलू, त्याला पोहता येत नव्हतं गं!"

शोभामावशींना बोलावलं. काठी टेकत आल्या, उघडं दार पाहिलं, लोंबणारा पट्टा पाहिला आणि अंगणातच बसल्या. "सुटले बाई," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं पोटात ठेवलं. माणूस गेला, आता शपथ कोणाची पाळू?" आणि त्यांनी सगळं सांगितलं. फोन, छातीएवढं पाणी, पातेलं, देवांचा डबा.

"पातेल्यात?" वल्लरीच्या तोंडून निघालं.

"मग काय विमानात? म्हणून मी त्यातलं वरण खात नाही. ज्यात बसले ते जेवायचं कसं?"

नंदाकाकू हसू लागल्या. हसता हसता त्यांचं रडणं कधी सुरू झालं ते मलाही कळलं नाही. इला माझ्या पायरीवर बसून होती. "म्हणून बाबा मला एअरपोर्टवर घ्यायला छोटी गाडी आणायचे," ती म्हणाली. "मला राग यायचा. वाटायचं, माझी जागा विसरले."

मग तिच्या हातात तो कागद आला. खाली दोनच पर्याय. तिचं पेन थांबलं. मला तिचा पेच कळत होता. मंडळात विनयकाकांच्या शब्दावर लोक डोळे मिटून गाड्या घेत. उद्या लोक म्हणतील, दुसऱ्यांच्या गाड्यांत चिखल शोधणाऱ्यानं स्वतःची बुडालेली गाडी लपवली. आणि मी? मला कोण घेणार होतं?

"ताई, खरं सांगू? मला चालेल," प्रथमेश म्हणाला. "काकांची आठवण म्हणून घेतो."

"आठवण ठीक आहे," इला म्हणाली. "पण आतल्या वायरी खराब झाल्या असतील, तर हवी तेव्हा एअरबॅग उघडणार नाही. हायवेवर ब्रेकचा दिवा बंद पडेल. मागे तुझं बाळ असेल." तिनं आईकडे पाहिलं. "आई, बाबांचं नाव..."

नंदाकाकूंनी डोळे पुसले. "लिही. त्यांनी हेच लिहिलं असतं. आणि कारणही लिही, पूर्ण. कोणासाठी बुडाली तेही लिही. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

इलानं लिहिलं, घेऊ नये. तेवढ्यात माझा लाल दिवा लागला. मी त्याला गप्प राहायला सांगितलं नाही.

महिन्याभरानं प्रथमेश-वल्लरीनं दुसरी पिकअप घेतली. इलानं ती तपासली, गणपती चिकटला, आणि शोभामावशी काठी बाजूला ठेवून तीत चढल्या. आता माझ्याऐवजी तीच मोगरा वाहते. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण बाळ तिच्यात सुखरूप आहे.

मीही भंगारात गेले नाही. इलानं कामासाठी एक शेड भाड्यानं घेतली आहे, तिथे मागच्या अंगणात मी उभी असते. रस्त्यावर जात नाही. शनिवारी लोक शिकायला येतात, गाडी घेताना काय बघायचं ते. कोणी पोरंही आणतात. इला त्यांना आधी पुढचा पट्टा ओढायला लावते, मग मागचा. रेघ दिसली की पोरं ओरडतात, "फ्लड! फ्लड!" मग ती त्यांना पातेल्याची गोष्ट सांगते. लोक काय म्हणतील अशी तिला धास्ती होती ना? मंडळातले सगळे येऊन ती रेघ बघून गेले. कोणी काही म्हटलं नाही. एका आजोबांनी तर चपला काढून बघितली.

परवाच्या दसऱ्याला नंदाकाकू पूजेचं ताट घेऊन आल्या. मी वाट बघत होते की आता बॉनेट उघडतील. त्यांनी मागचं दार उघडलं. पट्टा पूर्ण ओढला आणि त्या मातकट रेघेशेजारी कुंकवाचं एक बोट लावलं. "चाकं भिजली म्हणे," त्या पुटपुटल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही काही जुन्या वस्तू असतील, जुनी माणसं असतील. त्यांच्यावर डाग दिसले तर नाक मुरडू नका, आणि डोळेही मिटू नका. नीट बघा, खरं असेल ते बोला. फक्त पाणी किती चढलं होतं एवढंच विचारून थांबू नका, ते पाण्यात कोणासाठी गेले होते तेही विचारा.

आणि कधी शनिवारी माझ्याकडे आलात, तर पट्टा जरूर ओढून बघा. मात्र बघून झाल्यावर तो झटक्यानं सोडू नका. हातात धरून हळूहळू आत जाऊ द्या. त्या बकलावरची चांदणी आता अगदी थोडीच उरली आहे.